कमी खर्चात रायगड

रायगडाचे प्रवेशतिकीट चहा-वड्याच्या किमतीत येते. तरीही मुंबईहून किंवा पुण्याहून गेलेले चार-पाच जणांचे कुटुंब रात्री घरी परतते तेव्हा चार-पाच हजार रुपये सहज उडालेले असतात. गडाने घेतलेले पैसे त्यात शंभर-सव्वाशेच. बाकीचे गाडीच्या इंधनात, टोलमध्ये, रोपवेच्या तिकिटात, रस्त्यावरच्या हॉटेलांत आणि ऐन गर्दीच्या दिवशी दुप्पट भावाने घेतलेल्या खोलीत गेलेले असतात. खर्च कमी करायचा तर सुरुवात घरून निघण्याच्या आधी करावी लागते. पायथ्याशी पोचल्यावर वाचवण्यासारखे फारसे हातात राहत नाही.

रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंचीवर हा गड आहे. पूर्वीचा रायरीचा डोंगर १६५६ मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. पुढे तेथे राजधानी वसली, ६ जून १६७४ रोजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे निधनही येथेच झाले. आज हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखालचे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून ज्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली, त्यांतही रायगड आहे. मराठी माणसाच्या मनात गडाचे स्थान आधीपासूनच होते, त्यात या नोंदीने परप्रांतातल्या आणि परदेशातल्या प्रवाशांची भर पडत आहे. गर्दी वाढली की सोयी महागतात, म्हणून खर्चाचा विचार आता अधिक गरजेचा झाला आहे.

सर्वांत मोठा खर्च प्रवासाचा. मुंबईहून स्वतःच्या मोटारीने जाऊन-येऊन साधारण साडेतीनशे किलोमीटर होतात. गाडी लिटरला पंधरा किलोमीटर चालते असे मानले, तर तेवीस-चोवीस लिटर पेट्रोल लागते. लिटरचा भाव शंभर रुपये धरला तरी ही रक्कम तेवीसशेच्या पुढे जाते. टोल वेगळा. गाडीत पाच माणसे असतील तर माणशी पाचशेच्या आत बसते आणि ते परवडते. दोघेच असतील तर हाच प्रवास चैनीचा ठरतो. म्हणून मोटारीने जायचे तर ती भरून न्यावी. शेजारचे, नात्यातले, कार्यालयातले कोणी बरोबर घ्यावे. पुण्याहून ताम्हिणी घाटातून निजामपूरमार्गे गडाच्या पायथ्याच्या पाचाडला उतरणारा रस्ता जवळचा आहे आणि मुंबईकरांनाही महाडपर्यंत न जाता माणगावहून निजामपूरमार्गे पाचाड गाठता येते.

कमी खर्चाचा खरा मार्ग एसटीचा आहे. याचे कारण साध्या भाड्यापेक्षा सवलतींत आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांत ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात कोठेही मोफत प्रवास करता येतो. ६५ ते ७५ या वयातील ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. मार्च २०२३ पासून सर्व वयाच्या महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांचे तिकीट अर्धे असते. आता आई, वडील, आठ आणि दहा वर्षांची दोन मुले आणि ७६ वर्षांची आजी असे पाच जणांचे कुटुंब घेतले, तर वडिलांचे पूर्ण, आईचे अर्धे आणि मुलांची दोन अर्धी एवढीच तिकिटे काढावी लागतात. आजीचे पैसे लागत नाहीत. पाच माणसे अडीच तिकिटांत जातात. ज्येष्ठांच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा, म्हणजे आधार कार्ड किंवा तत्सम ओळखपत्र, जवळ असावे लागते. ते घरी विसरले तर वाहकाला सवलत देता येत नाही, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

मुंबईहून जाताना फक्त ‘महाड’ अशी पाटी शोधत बसण्याचे कारण नाही. पोलादपूर, खेड, चिपळूण या बाजूला जाणाऱ्या गाड्या मुंबई–गोवा महामार्गाने महाडवरूनच जातात, त्यामुळे पनवेलहूनही पुष्कळ पर्याय मिळतात. पुण्याच्या स्वारगेट स्थानकातूनही महाडकडे गाड्या सुटतात. रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेचे वीर हे महाडला जवळचे स्थानक. दिवा–सावंतवाडी किंवा दिवा–रत्नागिरी या पॅसेंजर गाडीने मुंबईच्या परिसरातून वीर किंवा माणगावपर्यंत येणे हा बहुधा सर्वांत स्वस्त प्रवास. वीरहून महाड दहा-बारा किलोमीटर आहे. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत मात्र या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. त्या आठवड्यांत रायगडाचा बेत न केलेलाच बरा.

खरी काळजी महाडपासून पुढच्या टप्प्याची करावी लागते. महाडहून गडाचा पायथा सुमारे २५ किलोमीटर आहे. या मार्गावर एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्याच असतात. महाड स्थानकात उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: पाचाडकडे जाणारी पुढची गाडी कधी आणि परतीची शेवटची गाडी कधी. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. शेवटची गाडी चुकली की मिनीडोर किंवा रिक्षा पूर्ण भाड्याने ठरवावी लागते आणि दिवसभर जपून वाचवलेले पैसे एका फेरीत जातात. येताना-जाताना पाच-सहा अनोळखी प्रवासी एकत्र येऊन मिनीडोर ठरवतात, ही तिथली रोजची रीत आहे. त्यात संकोच बाळगू नये.

कोकणात तीन-चार दिवस काढायचे असतील तर एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना पाहावी. चार आणि सात दिवसांचे पास मिळतात आणि त्या मुदतीत कितीही वेळा, कोठेही चढ-उतार करता येते. रायगडापुरताच प्रवास असेल तर पास महाग पडतो. रायगड, प्रतापगड आणि पुढे समुद्रकाठचा सुवर्णदुर्ग असा पल्ला असेल तर तो फायद्याचा. ज्या महिलांना आणि ज्येष्ठांना आधीच अर्धे किंवा मोफत तिकीट आहे, त्यांनी मात्र पास काढण्यापूर्वी नेहमीच्या भाड्याची बेरीज करून पाहावी. मोठ्या गटासाठी प्रासंगिक करारावर अख्खी एसटी घेता येते. शाळांच्या सहलींना एसटी निम्म्या भाड्यात मिळते, आणि रायगडाला येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळशी अशाच गाडीतून आलेली असतात.

पायथ्याशी पोचल्यावर एकच मोठा प्रश्न उरतो: पायऱ्या की रोपवे? हिरकणीवाडीतून वर जाणारा रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला. चार-पाच मिनिटांत तो माणसाला गडाच्या माथ्यावर, मेणा दरवाजाच्या बाजूला नेऊन सोडतो. त्याचे जाण्या-येण्याचे तिकीट प्रवेशतिकिटाच्या कितीतरी पट आहे. पाच जणांच्या कुटुंबात एसटीने जो पैसा वाचला, तो येथे एका फटक्यात परत जाऊ शकतो. शनिवार-रविवारी आणि सलग सुट्ट्यांना रांग इतकी वाढते की चार मिनिटांच्या प्रवासासाठी काही तास उभे राहावे लागते. तोवर उन्हे चढतात, मुले कंटाळतात, खाण्यापिण्यावर पैसे जातात आणि गड पाहायला उरलेला वेळ आखडतो.

पायऱ्या सुमारे १४५० आहेत. पहाटे किंवा सकाळी लवकर सुरुवात केली तर धडधाकट माणूस दीड-दोन तासांत वर पोचतो. मुलांना बरोबर घेऊन, बसत-उठत गेले तर अडीच-तीन तास धरावेत. एवढ्या श्रमाच्या बदल्यात केवळ पैसे वाचतात असे समजणे हा या वाटेवर अन्याय आहे. रायगड समजून घ्यायचा असेल तर तो याच वाटेने समजतो. वाट चित दरवाजाच्या जागेपासून सुरू होते. दरवाजा आता उभा नाही, नाव मात्र टिकले आहे. थोडे वर खुबलढा बुरूज लागतो. खालून येणारा शत्रू या बुरजाच्या माऱ्यात येत असे आणि त्याला वळसा घालून पुढे जाण्याला पर्याय नव्हता. त्यानंतरची चढण लांब, उघडी आणि छातीवर येणारी आहे. दम लागतो तेथेच वर तट दिसतो, आणि तटावरच्या पहारेकऱ्याला खालचा माणूस किती वेळ स्पष्ट दिसत राहिला असेल, हे शब्दांत सांगावे लागत नाही.

महादरवाजा तर या वाटेवरचे सर्वांत मोठे बांधकाम. दोन प्रचंड बुरुजांच्या कुशीत तो असा वळवून बसवला आहे की अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. समोरची जागा अरुंद आणि चढाची, त्यामुळे हत्तीला धाव घेऊन धडक द्यायला वाव नाही. बुरुजांतील जंग्यांमधून आत शिरू पाहणाऱ्यावर दोन्ही अंगांनी मारा करता येई. कमानीच्या दोन बाजूंना कमळे आणि शरभ कोरलेले आहेत. येथून एक तटबंदी टकमक टोकाकडे आणि दुसरी हिरकणीच्या टोकाकडे जाते. रोपवेने थेट माथ्यावर उतरलेल्या माणसाला यांतले काही लागत नाही. तो राजवाड्याच्या चौथऱ्यापाशी पोचतो, मेघडंबरी पाहतो, बाजारपेठेतून जगदीश्वराला जातो आणि परत फिरतो. राजधानी पाहून होते, पण ती सुरक्षित कशी होती ते पाहायचे राहून जाते. गडाची सर्वांत चांगली फुकट गोष्ट ही वाट आहे.

अर्थात सर्वांनी पायऱ्याच चढाव्यात असा आग्रह धरणे चूक होईल. गुडघे दुखणाऱ्यांसाठी, हृदयाचा त्रास असलेल्यांसाठी, तान्ही मुले घेऊन आलेल्या आयांसाठी रोपवेचा खर्च योग्य आहे. रोपवे नसता तर यांतल्या अनेकांना आयुष्यात कधीच गड पाहता आला नसता. कुटुंबाने दोन भागांत विभागून जाणे हा चांगला मध्यममार्ग. आजी-आजोबा रोपवेने, बाकीचे पायऱ्यांनी, आणि गंगासागर तलावाजवळ गाठ घालायची. पायऱ्यांनी जाणाऱ्यांनी दोन तास आधी निघावे, म्हणजे वरच्यांना ताटकळावे लागत नाही. ज्यांना चढता येते पण उतरताना गुडघे साथ देत नाहीत, त्यांनी एकेरी तिकीट काढून केवळ उतरण्यासाठी रोपवे घ्यावा. मात्र संध्याकाळी उतरणाऱ्यांची रांगही लांबते, हे लक्षात ठेवावे. जोराचा वारा किंवा पाऊस असला की रोपवे बंद राहतो.

प्रवेशतिकिटाबद्दल थोडक्यात. पुरातत्त्व खात्याच्या ‘ब’ वर्गातील स्मारकांसाठी भारतीयांना २५ रुपये आणि परदेशी नागरिकांना ३०० रुपये असे दर आहेत आणि रायगड याच वर्गात येतो. ऑनलाइन किंवा रोखीविना पैसे दिल्यास भारतीयांना पाच रुपयांची सूट मिळते, परदेशी पाहुण्यांना पन्नास रुपयांची. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. सार्क आणि बिमस्टेक देशांतून आलेल्या पाहुण्यांना भारतीयांचाच दर लागतो. परदेशात राहणारे मराठी लोक सुट्टीत मुलांना गड दाखवायला आणतात. त्यांच्यापैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट किंवा अन्य भारतीय ओळखपत्र आहे, त्यांनी ते जवळ ठेवावे.

१८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १९ नोव्हेंबर हा वारसा सप्ताहाचा पहिला दिवस या दिवशी पुरातत्त्व खाते आपल्या स्मारकांत मोफत प्रवेश जाहीर करत आले आहे. ८ मार्चच्या महिला दिनीही महिलांना अशी सवलत दिली गेली आहे. हे दिवस साधले तर उत्तम, पण पंचवीस रुपयांसाठी बेत बदलू नये. एप्रिलमधल्या उन्हात उघड्या पायऱ्या चढणे हे वाचलेल्या पंचवीस रुपयांपेक्षा फार महाग पडते. १९ नोव्हेंबरची गोष्ट वेगळी: हवा थंड असते, गवत अजून पुरते वाळलेले नसते आणि आकाश स्वच्छ असते. तो दिवस आठवड्याच्या मध्ये येत असेल तर रायगडासाठी याहून चांगला दिवस सापडणे कठीण.

दिवसाची निवड हीच खरी बचत आहे. मंगळवार ते गुरुवार या दिवसांत पाचाडच्या खोल्या कमी भावात मिळतात, घासाघीस न करताही. रोपवेला रांग नसते. जेवण सांगितल्या वेळी मिळते. वाटाड्याला वेळ असतो आणि तो घाई न करता सगळा गड दाखवतो. शनिवार-रविवार टाळणे शक्य नसेल तर निदान शुक्रवारी रात्री पाचाडला पोचून शनिवारी पहाटे चढायला सुरुवात करावी. मुंबई-पुण्याच्या गाड्या दहाच्या सुमारास येतात, तोवर माथा गाठलेला असतो.

दोन प्रसंगांची गर्दी वेगळ्या प्रकारची आहे. ६ जूनला आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला शिवराज्याभिषेक सोहळा होतो. चैत्री पौर्णिमेला महाराजांची पुण्यतिथी पाळली जाते. या दिवशी हजारो माणसे गडावर येतात, वाहने पायथ्यापासून दूर अडवली जातात आणि पुढे चालत जावे लागते. सोहळ्यासाठी येणाऱ्याने जरूर यावे, ढोल-ताशे आणि भगव्या झेंड्यांनी भरलेला होळीचा माळ पाहणे हा अनुभव आहेच. पण प्रत्येक वास्तू निवांत पाहायची असेल, तर तो दिवस नव्हे.

पावसाळ्यात सर्व काही स्वस्त होते. खोल्या रिकाम्या, गड हिरवागार, धुक्यात हरवलेला. या स्वस्ताईला भुलू नये. जुलै २०२४ मध्ये मुसळधार पावसात पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहू लागले, पर्यटक मध्येच अडकले आणि प्रशासनाला गड काही काळ बंद ठेवावा लागला. जून ते ऑगस्टमध्ये जायचेच असेल तर हवामान खात्याचा इशारा पाहून, आणि वाट खुली आहे याची पाचाडमध्ये खात्री करून घेऊनच निघावे. सप्टेंबरअखेर पाऊस ओसरला की गवत आणि रानफुले असतातच, आणि जीव धोक्यात घालावा लागत नाही.

मुक्काम करायचा तर पाचाड, हिरकणीवाडी आणि रायगडवाडी या पायथ्याच्या गावांत घरगुती सोय होते. महाडमध्ये लॉज आहेत, पण तेथे राहिले तर सकाळच्या गाडीची वाट पाहण्यात थंड वेळ निघून जातो आणि उन्हात चढावे लागते. पाचाड ही मुक्कामाची जागा नवी नाही. १६७४ च्या राज्याभिषेकासाठी मुंबईहून आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन यालाही गडावर जाण्यापूर्वी काही दिवस पाचाडलाच थांबावे लागले होते. घरगुती मुक्कामात जेवण सांगून ठेवले की ताजे आणि वाजवी भावात मिळते; न सांगता ऐनवेळी दहा जण दारात उभे राहिले तर घरच्यांचीही तारांबळ होते आणि भावही वाढतो. आदल्या दिवशी फोन करून माणसांची संख्या, शाकाहारी किती, मांसाहारी किती, एवढे सांगावे.

गडावर आणि पायऱ्यांच्या वाटेवर पायथ्याच्या वाड्यांतील बायका पिठले-भाकरी, ठेचा, कांदा, ताक, लिंबू सरबत विकतात. शहरातल्या हॉटेलाच्या मानाने हे जेवण स्वस्तच असते, तरी खालच्या भावापेक्षा थोडे चढे असते. काही पर्यटक येथे दहा रुपयांसाठी घासाघीस करतात. तांदळाचे पीठ, पाणी, भांडी, हे सारे त्या बायकांनी सकाळी डोक्यावरून चढवलेले असते, आणि संध्याकाळी रिकामी भांडी घेऊन त्या उतरतात. हिरकणीची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली असते: दूध विकायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या मुलासाठी रात्री अवघड कडा उतरून घरी गेलेली. ती कथा इतिहासाच्या कागदांत शोधू नये, पण डोक्यावर माल घेऊन रायगड चढणारी आणि सूर्य मावळण्याच्या आत घरी पोचू पाहणारी बाई आजही त्याच वाटेवर भेटते. तिच्या भाकरीवर पैसे वाचवू नयेत. पाणी मात्र घरूनच न्यावे, माणशी दोन लिटर तरी, परत वापरण्याच्या बाटलीत. वाटेवर विकत घेतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांचा खर्च दिवसभरात बराच होतो आणि रिकाम्या बाटल्या दरीत जातात. बरोबर शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, थालीपीठ, दशम्या असे न नासणारे खाणे घेतले की महामार्गावरच्या हॉटेलात थांबण्याची गरज पडत नाही.

वाटाड्याचा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो. तो तसा नाही. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडाला आग लागली आणि बहुतेक इमारती नष्ट झाल्या. आज डोळ्यांना दिसतात ते बहुतांशी चौथरे, जोती आणि भिंतींचे अवशेष. राण्यांचे महाल कोणते, अष्टप्रधानांच्या कचेऱ्या कोठे, धान्याची कोठारे कोणती, हे सांगणारा नसेल तर सगळे दगड सारखेच दिसतात. नगारखान्याखाली उभ्या असलेल्या माणसाचे साधे बोलणे सिंहासनाच्या जागेपाशी स्पष्ट ऐकू जाते. ही गोष्ट कोणी करून दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही. जगदीश्वराच्या मंदिराजवळच्या पायरीवर गडाचे बांधकाम करणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे आणि न सांगता हजारो पाय तिच्यापाशी न थबकता पुढे जातात. दहा-बारा जणांच्या गटाने मिळून एक वाटाड्या घेतला तर माणशी खर्च एका सरबताच्या ग्लासाएवढा येतो. एकट्या-दुकट्याने आलेल्यांनी पायथ्याशी दुसरा छोटा गट पाहून त्याच्याबरोबर खर्च वाटून घ्यावा.

वाटाड्या परवडत नसेल तर वाचन करून जावे. शां. वि. आवळसकर यांचे ‘रायगडची जीवनकथा’ हे पुस्तक अनेक ग्रंथालयांत मिळते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ते प्रकाशित केले आहे. त्यातली माहिती वाचून आणि वास्तूंचा साधा नकाशा हाताने काढून बरोबर नेला तर निम्मे काम होते. मुलांना हा नकाशा काढायला दिला तर गडावर तीच पुढे चालतात.

काही ठिकाणी पैसे वाचवणे चुकीचे ठरते. झिजलेल्या तळव्याचे बूट घालून ओल्या पायऱ्यांवर जाऊ नये. एका दिवसात जाऊन-येऊन गड उरकण्याच्या नादात रात्री थकलेल्या चालकाने घाट उतरणे ही बचत नव्हे. माणशी थोडेसे जास्त देऊन एक रात्र पाचाडला राहणे शहाणपणाचे. गडाचा माथा मोठा आहे. राजवाडा, बाजारपेठ, जगदीश्वर, महाराजांची समाधी, टकमक टोक, एवढेच पाहायला चार तास लागतात. भवानी टोकाकडे किंवा वाघ दरवाजाकडे वळायचे तर सहा. दोन वेळा अर्धवट जाण्यापेक्षा एकदाच पूर्ण दिवस देणे स्वस्त पडते, कारण प्रवासखर्च एकदाच होतो.

त्याच हिशेबाने जवळपासची ठिकाणे जोडून घ्यावीत. महाड शहरातले चवदार तळे, जेथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याचा हक्क बजावला, एसटी स्थानकापासून जवळच आहे. शहराच्या अलीकडे महामार्गालगत गांधारपाले येथील बौद्ध लेणी आहेत. थोड्या पायऱ्या चढून तासाभरात पाहून होतात. एक दिवस जास्त असेल तर समर्थ रामदासांच्या वास्तव्याने ओळखली जाणारी शिवथरघळ महाडहून गाठता येते आणि तेथे भक्तांच्या राहण्याची सोयही आहे. या तिन्ही ठिकाणी रायगडासारखी चढाई नाही, त्यामुळे गड उतरल्यावर दमलेल्या पायांनाही ती जमतात.

आणि पाचाड. गडावरची थंड हवा आणि वारा म्हातारपणी सोसेना म्हणून जिजाबाईंसाठी महाराजांनी पायथ्याशी वाडा बांधून दिला. मुलाचा राज्याभिषेक पाहून अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी त्यांनी येथेच देह ठेवला. वाड्याची तटबंदी आणि विहिरी अजून पाहता येतात, समाधी जवळच आहे. गड उतरून परतीच्या गाडीसाठी थांबलेल्यांना बहुधा तासभर मोकळा असतो, आणि एवढा वेळ या दोन्ही जागांना पुरतो. रायगडाला येणारी बहुतेक वाहने येथून न थांबता पुढे जातात. वाडा आणि समाधी पाहायला तिकीट लागत नाही.